मोटरहोमचे ऑइल बदलणे : जळगाव-धुळे परिसरात कोठे, कितीत आणि किती वेळा?

गिरणाकाठ, जळगाव (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सेवानिवृत्तीनंतर तीन वर्षांपूर्वी मी एक डिझेल मिनीबस घेतली आणि ती मोटरहोम म्हणून बांधून घेतली. आरटीओची मंजुरी, नोंदणीपुस्तकातील बदल आणि विमा हे सोपस्कार रीतसर झालेले आहेत, त्यामुळे त्यांविषयी काही विचारायचे नाही. विचारायचे आहे ते एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या कामाविषयी, म्हणजे इंजिनाचे ऑइल बदलण्याविषयी. कारण या एका कामाने मागच्या वर्षी मला जेवढे हैराण केले तेवढे गाडीच्या संपूर्ण बांधणीनेही केले नव्हते.

गाडी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) आहे. कंपनीच्या पुस्तकात २०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावा असे लिहिले आहे. माझी गाडी वर्षाला जेमतेम साडेचार हजार किलोमीटर चालते. दिवाळीनंतर एक मोठी फेरी, हिवाळ्यात तोरणमाळ किंवा पाटणादेवी, आणि फेब्रुवारीनंतर गाडी घराशेजारच्या प्लॉटवर पत्र्याखाली उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी दहा मिनिटे सुरू करून ठेवतो.

मागच्या वर्षी मी ती एका सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. शेडच्या दाराची उंची नऊ फूट आणि छतावरील एसी व सोलर पॅनेल धरून गाडीची उंची दहा फूट दोन इंच, म्हणून पहिल्या दिवशी दारातूनच परत यावे लागले. दुसऱ्या खेपेस त्यांनी मागच्या बाजूच्या उंच शेडमधील लिफ्ट दाखवली. परंतु ती चार टनांची असल्याने आधी वजन करून आणा असे सांगितले. जिनिंगच्या वजनकाट्यावर, पाण्याची टाकी भरलेली असताना, ३,९६० किलो भरले. एवढ्या काठावरच्या वजनाला ते तयार होईनात. तिसऱ्या खेपेस टाकी रिकामी करून गाडी दोन दिवस त्यांच्याकडे ठेवली, फ्रीज बंद राहिला आणि सौभाग्यवतींनी भाजून ठेवलेल्या वांग्यांचे भरीत करण्याची वेळच आली नाही.

बिल पुढीलप्रमाणे झाले. ऑइल आठ लिटर ४,१६० रुपये, ऑइल फिल्टर ६४०, डिझेल फिल्टर १,८५०, एअर फिल्टर १,२५०, मजुरी २,४००, खालचा पत्रा काढून बसवण्याचे १,२०० आणि धुलाई ९००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून एकूण १४,६३२ रुपये. पुस्तकात फिल्टरसह सात लिटर ऑइल लिहिलेले असताना आठ लिटर कसे लागले, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. पत्र्याचा खुलासा करायला हवा : बांधणी करणाऱ्याने दगड लागू नयेत म्हणून इंजिनाखाली अॅल्युमिनियमचा सलग पत्रा चौदा स्क्रूंनी बसवला आहे, आणि चेंबर नटसाठी (म्हणजे ज्यातून जुने ऑइल खाली सोडतात त्या तळाच्या नटसाठी) त्यात भोक ठेवण्याचे त्याला सुचले नाही.

म्हणून विचारतो की, एवढ्या कमी वापराला दरवर्षी ऑइल बदलण्याची खरोखर गरज आहे का, की दोन वर्षांनी बदलले तर चालेल? वॉरंटी आता संपली आहे, तेव्हा आपल्या भागात हे काम बाहेर कोठे करून घेता येईल? आणि एक शेजारी म्हणतात की खान्देशच्या उन्हाळ्यात पुस्तकातील पातळ ऑइल टिकत नाही, ट्रकचे जाड ऑइल घाला. त्यात कितपत तथ्य आहे?

आग्रारोडवरचा, धुळे

काका, नमस्कार. माझ्या तीन टुरिस्ट मिनीबस आहेत आणि त्याआधी नऊ वर्षे मी स्वतः फिटर होतो, म्हणून कोठे आणि कसे एवढ्यापुरतेच सांगतो.

आपण मोटारींच्या गॅरेजात गेलात, तेथेच चूक झाली. दहा फूट उंचीच्या गाडीने लिफ्टचा नादच करू नये. तिला खड्डा लागतो, म्हणजे ज्यात उतरून मिस्त्री गाडीखाली काम करतो तो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे येथे ट्रकची कामे करणारी गॅरेजे भरपूर आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा खड्डा उघड्यावर किंवा ट्रक मावेल एवढ्या उंच पत्र्याखाली असतो. जळगाव आणि भुसावळच्या हायवेवरही असे खड्डे मिळतील. जेथे चौदा टायरची गाडी उभी राहते तेथे आपली गाडी खेळण्यासारखी दिसते, वजन कोणी विचारत नाही आणि टाकीही रिकामी करावी लागत नाही. मजुरी तीनशे ते पाचशे रुपये घेतात.

सकाळी मात्र जाऊ नका. रात्रीच्या गाड्या सकाळी लागलेल्या असतात आणि मिस्त्रीला मान वर करायला सवड नसते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जा. ऑइल आणि फिल्टर आपण स्वतः, छापील बिल देणाऱ्या दुकानातून, सीलबंद घेऊन जा, कारण खड्ड्यावरचा माणूस सवयीने बॅरलमधले १५ डब्ल्यू ४० हे ट्रकचे जाड ऑइल ओततो आणि बीएस-६ गाडीला कोणते ऑइल लागते याची पंचाईत करत बसत नाही. चेंबर नटचा नवा वॉशरही सोबत ठेवा. हा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेला की चपटा होतो. तोच पुन्हा लावला तर ऑइल पाझरते, आणि पाझर थांबावा म्हणून मिस्त्री नट आणखी आवळतो, त्यात चेंबरचे आटे जातात. माझ्या एका गाडीचे असे गेले होते. वीस रुपयांचा वॉशर वाचवला आणि चेंबर उतरवून नवे आटे पाडून घ्यावे लागले.

ऑइल गरम असतानाच काढायचे आणि किमान वीस मिनिटे निथळू द्यायचे. तेवढ्या वेळात चहा घ्या, पण गाडीपासून लांब जाऊ नका. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावून तो हातानेच आवळायचा असतो. पाना लावून पिळला तर पुढच्या वेळी तो पत्रा फाटूनच निघतो. सात लिटर लिहिले असेल तर आधी साडेसहा घाला, इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करा, दहा मिनिटे थांबा आणि मग गेज (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघून उरलेले भरा. आपल्या आठ लिटरच्या बिलाचे म्हणाल, तर फोडलेला डबा बिलात पूर्ण लावायचा आणि उरलेले ऑइल ठेवून घ्यायचे ही पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. ऑइल आपले असेल तर उरलेलेही आपलेच राहते.

आणि रिकामे डबे तेथे टाकून येऊ नका. चांगल्या कंपनीच्या सुस्थितीतील डब्यात कोण काय भरून पुन्हा विकेल याचा भरवसा नाही. पेचकसाने भोक पाडा आणि मगच टाका.

वर्षाला बदलावे की दोन वर्षांनी, हे मला विचारू नका. माझ्या गाड्या वर्षाला साठ हजार किलोमीटर पळतात, त्यामुळे तारखेकडे बघण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.

लोकोशेड निवृत्त, भुसावळ

माझी संपूर्ण नोकरी रेल्वेच्या डिझेल लोकोशेडमधील प्रयोगशाळेत गेली. तेथे इंजिनातील तेलाचे नमुने तपासणे हेच आमचे काम होते, म्हणून धुळेकरांनी जो प्रश्न सोडून दिला तो मी उचलतो.

रेल्वेच्या डिझेल इंजिनात शेकडो लिटर तेल असते, आणि एवढे तेल तारीख बघून फेकून देणे परवडत नाही. म्हणून ठरावीक दिवसांनी नमुना घेऊन त्याचा दाटपणा, त्यातील पाणी, डिझेल आणि झिजलेल्या धातूंचे कण तपासतात, आणि तेलाने दम सोडला आहे असे दिसले तरच ते बदलतात. ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे. परंतु आपल्या सात लिटरांना ती लावायची म्हटली तर तपासणीचा आणि नमुना पाठवण्याचा खर्चच नव्या तेलाच्या जवळपास जाईल. मोटरहोमवाल्याने म्हणूनच पुस्तकातील मुदत पाळावी, आणि माझे मत विचाराल तर वर्ष ओलांडू नये.

कमी चाललेल्या गाडीचे तेल कमी खराब होते, हा समज अर्धाच खरा आहे. इंजिन चालताना इंधनाच्या ज्वलनातून पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा अंश तेलात उतरतो. थंड इंजिनात थोडे डिझेलही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळते. गाडी तासभर चालली, तेल शंभर अंशांच्या आसपास तापले, तर हे पाणी उडून जाते. आपण दर रविवारी गाडी दहा मिनिटे सुरू करता, तेव्हा तेल धड तापत नाही. म्हणजे दर आठवड्याला आपण त्यात थोडे पाणी आणि थोडे डिझेल घालता आणि ते उडून जाण्याआधीच इंजिन बंद करता. जुलै ते सप्टेंबर या दमट महिन्यांत तर हे अधिकच होते. पाणी आणि ज्वलनाचे अवशेष यांतून आम्ल तयार होते. त्या आम्लाला मारण्यासाठी तेलात क्षारांश मिसळलेला असतो, पण तो हळूहळू खर्ची पडतो आणि किलोमीटरच्या काट्यावर त्याची नोंद होत नाही. तेव्हा रविवारची ही प्रथा कृपया बंद करा. छतावर सोलर पॅनेल आहेच. त्यावरून इंजिनाच्या बॅटरीलाही बारीक चार्जिंगची जोडणी करून घ्या, आणि गाडी सुरू करायचीच असेल तर महिन्यातून एकदा एरंडोलपर्यंत जाऊन या.

तिसरी गोष्ट बीएस-६ची. १ एप्रिल २०२० पासून हे निकष लागू झाले आणि आपल्यासारख्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. ती भरत आली की इंजिन जादा डिझेल वापरून धुराड्याचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. हायवेवर एका गतीने चाललेल्या गाडीत हे काम बिनबोभाट उरकते. मध्येच इंजिन बंद केले तर ते अर्धवट राहते, आणि त्यासाठी सोडलेल्या जादा डिझेलचा काही भाग चेंबरमध्ये उतरतो. गेजवर तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर आनंद मानू नये. ते तेल डिझेलने पातळ झाले आहे असे समजावे आणि लगेच बदलावे.

आता जाड तेलाचे. आपल्या शेजाऱ्यांचा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. १५ डब्ल्यू ४० मधील पहिला आकडा थंडीतील वागणुकीचा असतो. दुसरा आकडा तेल शंभर अंशांवर असताना किती दाट राहते ते सांगतो. भुसावळला पारा ४६ अंशांवर गेला तरी इंजिनाच्या आतील तेलाला त्याचे विशेष काही वाटत नाही, कारण कूलंट आणि थर्मोस्टॅट मिळून इंजिनाचे तापमान जवळपास एका पातळीवर राखतात. उन्हाळ्यात रेडिएटर स्वच्छ असणे आणि कूलंटची पातळी योग्य असणे जास्त महत्त्वाचे आहे. माझ्या मते आपल्याकडे उन्हाळ्यात तेलाच्या नावाने जी बोटे मोडली जातात, त्यांतील निम्मी तरी रेडिएटरच्या जाळीत बसलेल्या धुळीच्या नावाने मोडायला हवीत.

दाटपणापेक्षाही मोठा धोका राखेचा आहे. ट्रकच्या जुन्या प्रतीच्या तेलांत जे धातुयुक्त मिश्रक असतात त्यांची जळाल्यावर राख होते. काजळी जळते, राख जळत नाही. ती गाळणीत कायमची साचते आणि गाळणी बदलण्याचा खर्च आपल्या दहा वर्षांच्या ऑइलपेक्षा जास्त असू शकतो. डब्यावर पुस्तकात सांगितलेलाच दर्जा बघा. मग तो अमेरिकेच्या एपीआय या संस्थेचा सीके-४ असो किंवा युरोपच्या एसीईएच्या सी गटातील असो. सीके-४ मध्ये राखेचे प्रमाण एक टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. तेल काळे पडले म्हणून मात्र घाबरू नये. डिझेल इंजिनातील तेल बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत काळे होते. काजळी त्याने पोटात धरून ठेवली आहे आणि ती इंजिनात बसू दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

शेवटचे वेळेविषयी. फेब्रुवारीतील शेवटच्या फेरीहून आल्यावर, गाडी उभी करण्याच्या आधी ऑइल बदला. आम्ल झालेले तेल आठ महिने बेअरिंगवर बसवून ठेवण्यात काय हशील?

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा

भुसावळच्या काकांचे सर्व म्हणणे मान्य करून शेवटच्या मुद्द्यावर मी वेगळे मत नोंदवतो. माझ्याकडे छोटी कॅम्पर व्हॅन आहे आणि मी ऑइल ऑक्टोबरमध्ये, हंगामाच्या तोंडावर बदलतो. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीच्या तेलात जे पाणी शिरते, ते नव्या तेलात शिरण्यापेक्षा जुन्यात शिरलेले बरे, असा माझा साधा हिशेब आहे. शिवाय तोरणमाळच्या सात पायऱ्यांचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनात ताजे तेल आहे ही जाणीवही उपयोगाची असते.

खड्ड्याला एक पर्याय सुचवतो. गेजच्या नळीतून बारीक पाइप सोडून हातपंपाने ऑइल वर ओढून घेण्याचे यंत्र मिळते. माझे पाच लिटर ऑइल तापलेल्या स्थितीत पंधरा मिनिटांत निघते आणि गाडीखाली शिरावे लागत नाही. जळगावकर काकांच्या पत्र्याच्या भानगडीवर हा उपाय होईल. मात्र दोन अटी आहेत. गेजची नळी चेंबरच्या तळापर्यंत पोहोचणारी हवी, नाहीतर तळाचा गाळ तसाच राहतो. आणि ऑइल फिल्टर वरून हाताला लागणारा हवा, नाहीतर फिल्टरसाठी शेवटी खालीच जावे लागते. मी स्वतः एक वर्ष वरून ओढतो आणि एक वर्ष नट खोलून काढतो. गाडीखाली जायचे झालेच तर निव्वळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, शिरू नये. दोन्ही बाजूंना घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी टेकू) लावा किंवा चाके पक्क्या उतारावर चढवून मागे गोटे लावा. चार टनांच्या गाडीला तर मी घरी हात लावणार नाही.

जळक्या ऑइलविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडे ते फुकट जात नाही : सेंटरिंगच्या फळ्यांना लावतात, वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना फासतात, आणि उरलेले बांधावर ओततात. मीही पूर्वी हेच करत होतो. पण त्यात झिजलेले धातू आणि ज्वलनातून आलेली घातक संयुगे असतात, आणि ज्या बांधाखालून विहिरीला झिरपा जातो तेथे ते ओतणे म्हणजे स्वतःच्याच घागरीत ओतणे आहे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले तेल समाविष्ट आहे आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावे लागते. घरी काढलेले ऑइल मी डब्यात भरून, ज्या गॅरेजातून असा माणूस ऑइल उचलतो त्या गॅरेजात नेऊन देतो. त्यात कूलंट किंवा पेट्रोल मात्र मिसळू नये, मिसळलेले कोणी घेत नाही.

(धुळेकर भाऊ, डब्याला भोक पाडण्याचा सल्ला उत्तम आहे, पण एक डबा शाबूत ठेवावा लागतो, नाहीतर जळके ऑइल कशात न्यायचे?)

लोकोशेड निवृत्त, भुसावळ

शहादेकरांच्या हिशेबात तथ्य आहे, परंतु तो रविवारी इंजिन सुरू करण्याची सवय असलेल्या गाडीला लागू पडतो. इंजिन अजिबात सुरूच केले नाही तर ज्वलनाचे पाणी येणार कोठून? हवेतील दमटपणा तेवढा उरतो, आणि बंद इंजिनात तो फार नसतो. तरीही फेब्रुवारी की ऑक्टोबर यावर वाद घालण्यापेक्षा वर्षातून एकदा बदलले जाते की नाही, हे बघावे.

अमळनेरकर, सध्या टेक्सास

मूळ अमळनेरचा आहे. येथे माझ्याकडे फोर्डच्या चासीवरील, ७.३ लिटर पेट्रोल इंजिनाचे मोटरहोम आहे. काकांची कैफियत वाचून हसू आले, कारण गावाचे नाव बदलले तर ही माझीच गोष्ट आहे. येथे दहा-पंधरा मिनिटांत ऑइल बदलून देणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत, पण त्यांची दारे मोटारींच्या उंचीची असतात. मोटरहोम दिसले की लांबूनच हात हलवतात. शेवटी आम्हीही ट्रकवाल्यांच्याच दारात जातो. माझ्या इंजिनाला साडेसात लिटरच्या आसपास ऑइल लागते. ज्यांची मोठी, मागे डिझेल इंजिन असलेली मोटरहोम आहेत त्यांना पंधरा ते पंचवीस लिटर लागते, त्यामुळे त्यांचे बिल ऐकून आपले दुःख हलके होते. वापरलेले तेल मात्र येथे सुट्या भागांची मोठी दुकाने विनामूल्य परत घेतात, ती सोय आपल्याकडे व्हायला हवी.

वर कोणी उल्लेख केला नाही तो जनरेटर. काका, आपल्या गाडीत तो असेल तर त्याचेही ऑइल असते आणि लोक ते हमखास विसरतात. जनरेटरचा हिशेब किलोमीटरवर नसून तासांवर असतो. माझ्या ओनान जनरेटरला १५० तास किंवा एक वर्ष अशी मुदत आहे. हातात उचलून नेता येणाऱ्या छोट्या पेट्रोल जनरेटरना पहिले ऑइल साधारण वीस तासांनी आणि नंतर दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे लागते. त्यांत ऑइल अर्धा लिटरच्या आसपास असते, म्हणून पातळी थोडी घसरली तरी परिणाम लगेच होतो. एसी चालावा म्हणून रात्रभर गाडीचेच इंजिन सुरू ठेवणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे चाळीस ते पन्नास किलोमीटरचा प्रवास असा ढोबळ हिशेब धरतात. आठ तास झोप घेतली की एका रात्रीत साडेतीनशे किलोमीटर झाले, आणि मीटर जागचा हललेला नाही.

गिरणाकाठ, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. काम झाले, त्याचा वृत्तान्त देतो.

नाशिकला नातीच्या वाढदिवसाला जायचेच होते, म्हणून धुळ्यातील खड्डा वाटेवरच साधला. केवळ ऑइलसाठी जाऊन आलो असतो तर जाण्यायेण्याच्या १९० किलोमीटरना सुमारे दोन हजारांचे डिझेल लागले असते आणि बचतीतला मोठा वाटा तेथेच गेला असता. तेव्हा जळगावकरांनी केवळ स्वस्ताईसाठी धुळे गाठू नये, हायवेवरचा जवळचा खड्डा शोधावा. भुसावळकरांच्या सांगण्याप्रमाणे एका गतीने गाडी नेल्याने धुळ्याला पोहोचेपर्यंत ऑइल चांगले तापलेलेही होते.

निघण्याच्या आठवडाभर आधी एमआयडीसीतील एका फॅब्रिकेशनवाल्याकडून खालच्या पत्र्याला, नटच्या आणि फिल्टरच्या बरोबर खाली, चार बोल्टचे झाकण करून घेतले. त्याने ६०० रुपये घेतले. मोटरहोम बांधून घेत असलेल्यांनी हे काम कारागिराकडून आधीच करून घ्यावे, एवढे कळकळीने सांगतो.

खर्च असा झाला : पाच लिटरचा सीलबंद डबा २,४५०, एकेक लिटरचे दोन डबे १,०८०, फिल्टर ७२०, वॉशर २० आणि मजुरी ४००, एकूण ४,६७० रुपये, कर धरून. मागच्या बिलातील ऑइल आणि ऑइल फिल्टर एवढ्यांचेच करासह ५,६६४ रुपये झाले होते. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर यंदा मुदतीत असल्याने बदलले नाहीत, त्यामुळे १४,६३२ आणि ४,६७० यांची थेट तुलना करणे मात्र अन्यायाचे होईल. खड्ड्यावरच्या मिस्त्रीने बॅरलकडे हात नेताच धुळेकरांचे सांगणे आठवून मी त्याला थांबवले; तो नाराज झाला नाही, फक्त ‘तुमनं ऑइल, तुमनी मर्जी’ एवढे म्हणाला.

दोन तासांत सगळे आटोपले. फ्रीज सुरूच होता. रविवारची दहा मिनिटांची पूजा बंद केली आहे आणि बॅटरीला सोलरची जोडणी दिली आहे. जनरेटर आमच्याकडे नाही.

एकच शंका उरली आहे. धुळ्याला खड्ड्यावर गेज पाहिला तेव्हा पातळी दोन खुणांच्या मधोमध होती. घरी प्लॉटवर पाहिली तर वरच्या खुणेच्या किंचित वर दिसते. सातपैकी सुमारे दोनशे मिलिलिटर ऑइल डब्यात शिल्लक आहे, म्हणजे जास्त भरले गेले असण्याची शक्यता वाटत नाही. हे डिझेल उतरल्याचे लक्षण समजावे काय?

आग्रारोडवरचा, धुळे

काका, पन्नास पावसाळे पाहिलेले लोकही येथे फसतात. आपला प्लॉट रस्त्याकडे उतरता असेल, आणि गाडीचे तोंड उताराकडे असेल, तर ऑइल पुढे सरकून गेज खोटे बोलतो. गाडी सपाट जागेवर, पेट्रोल पंपाच्या काँक्रीटवर वगैरे उभी करा, दहा मिनिटांनी गेज पुसून पुन्हा बघा. तेथेही पातळी वरच दिसली, तर मग भुसावळच्या काकांना विचारा. आणि वॉशरचे माप गाडीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या वर्षी दुकानदार तेच पहिल्यांदा विचारेल.

गिरणाकाठ, जळगाव

प्लॉट उतरताच आहे. पंपावर जाऊन पाहिले. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या थोडी खाली आहे. वॉशरचे माप लिहून ठेवले.